शूटर ई-स्पोर्ट्स: जागतिक मंच आणि नागपूरहून तिथे जाणारा रस्ता

ऑगस्ट २०२० मध्ये पबजी मोबाइल वर्ल्ड लीगच्या पूर्व विभागाची अंतिम फेरी झाली, तेव्हा इंडोनेशियाचा बिगेट्रॉन आरए पहिला आला आणि भारताचा ऑरेंज रॉक दुसरा. चार-चार जणांच्या संघांनी खेळायच्या शूटर खेळात भारतीय मुलांनी जागतिक दर्जाच्या संघांना मागे टाकल्याची ती ठळक नोंद होती. त्यानंतर महिना उलटायच्या आत, २ सप्टेंबरला, केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ अ खाली ११८ ॲपवर बंदी घातली. त्या यादीत पबजी मोबाइलही होता. पुढे २ जुलै २०२१ ला क्राफ्टन या कोरियन कंपनीने बीजीएमआय या नावाने भारतापुरती वेगळी आवृत्ती आणली, २८ जुलै २०२२ ला तीही ॲप स्टोअरमधून हटवली गेली आणि मे २०२३ च्या अखेरीस ती परतली. या उलथापालथीकडे बोट दाखवून, बंदीमुळेच भारत मागे राहिला, असे सांगितले जाते. हे कारण खरे आहे, पण पुरेसे नाही. व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक या संगणकावरच्या शूटर खेळांवर भारतात कधीच बंदी आली नाही, तरीही त्यांच्या जागतिक अजिंक्यपदाच्या मुख्य फेरीपर्यंत एकही भारतीय संघ पात्र ठरून पोहोचलेला नाही. आपल्याकडे प्रेक्षक अफाट आहे, वरच्या टोकाला मोठी बक्षिसे आणि दोन-चार सधन संघ आहेत. जिल्हा आणि राज्य पातळीवर, पंचांच्या नजरेखाली, ठरलेल्या वेळापत्रकाने वर्षभर चालणारी स्पर्धा मात्र रुजलेली नाही. आंतरराष्ट्रीय अपयशाचे मूळ मला तिथे दिसते, आणि ही उणीव भरून काढण्याची जागा मुंबई-बंगळुरूपेक्षा नागपूरसारखी शहरे आहेत, असे माझे म्हणणे आहे.

ही मधली स्पर्धा इतकी महत्त्वाची का, हे खेळाच्या रचनेतूनच कळते. व्हॅलोरंटमध्ये पाच विरुद्ध पाच खेळतात. एक बाजू स्पाइक नावाचा बॉम्ब लावायला येते, दुसरी तो अडवते. प्रत्येक फेरी १०० सेकंदांची, स्पाइक लावल्यावर तो फुटायला ४५ सेकंद, १२ फेऱ्यांनंतर बाजू बदलायच्या आणि १३ फेऱ्या आधी जिंकेल त्याचा सामना. फेरी हरली की पुढच्या फेरीत बंदुका घ्यायला पैसे कमी पडतात, त्यामुळे कधी खर्च करायचा आणि कधी हात आखडायचा याचा हिशेब सतत चालू असतो. या सगळ्यात निशाणा हा एकच घटक आहे. पाच जणांनी हेडसेटवर कमीत कमी शब्दांत एकमेकांना काय सांगायचे, आयजीएल म्हणजे मैदानातल्या कर्णधाराने फेरीच्या मध्यावर बेत कसा मोडून नवा करायचा, समोरच्याने गेल्या दोन फेऱ्यांत काय केले यावरून तिसरी कशी वाचायची, हे सारे एकट्याने खोलीत बसून येत नाही. निशाण्याचा सराव यंत्राशी होतो. अंदाजाचा सराव मात्र आपल्यापेक्षा थोड्या सरस माणसांशी, आणि हरल्यावर काही गमवावे लागेल अशा सामन्यातच होतो. बीजीएमआयसारख्या बॅटल रॉयल प्रकारात तर सोळा संघ एकाच नकाशावर उतरतात. कोणता संघ कुठे उतरतो आणि खेळायच्या जागेचे वर्तुळ आकसल्यावर कुणीकडून येतो, याची ओळख त्याच त्या संघांशी पुन:पुन्हा खेळूनच होते.

याचा सर्वांत बोलका पुरावा मुंबईच्या ग्लोबल ई-स्पोर्ट्सचा आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये व्हॅलोरंट बनवणाऱ्या रायट गेम्सने त्या खेळाच्या पॅसिफिक लीगसाठी दहा संघ निवडले. कोरियाचे डीआरएक्स, टी१ आणि जेन.जी, जपानचे झेटा, सिंगापूरचा पेपर रेक्स यांच्या रांगेत दक्षिण आशियातून ग्लोबल ई-स्पोर्ट्सला जागा मिळाली. २०२३ पासून हा संघ सोलमध्ये जाऊन खेळू लागला. स्कॉरॉसी या नावाने ओळखला जाणारा गणेश गंगाधर हा देशातला सर्वांत नावाजलेला व्हॅलोरंट खेळाडू त्यात होता, अभिरूप चौधरी होता, आणि त्यांच्या जोडीला कोरिया, इंडोनेशिया व फिलिपिन्सचे खेळाडू होते. तरी २०२३ ते २०२५ या तीन हंगामांत संघ मास्टर्स किंवा चॅम्पियन्स या व्हॅलोरंटच्या जागतिक स्पर्धांसाठी एकदाही पात्र ठरला नाही. पैसा कमी पडला असे म्हणता येत नाही. गुणवत्ता नव्हती असे म्हणावे, तर याच संघात २०२३ साली खेळलेला कोरियाचा टेक्स्चर पुढच्याच वर्षी जेन.जी मध्ये गेला आणि मास्टर्स शांघाय जिंकणाऱ्या संघाचा आधार ठरला. माणूस तोच होता, फरक भोवतालच्या व्यवस्थेत होता. कोरियन संघाच्या मागे दोन दशकांहून जुनी घडण आहे. केस्पा ही तिथली संघटना २००० साली स्थापन झाली, नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून गल्लोगल्ली पसरलेल्या पीसी बांग नावाच्या गेमिंग केंद्रांत मुले एकमेकांसमोर बसून खेळत आली, आणि वरच्या संघातली एक जागा रिकामी झाली की खालच्या स्पर्धांतून ती भरायला खेळाडू तयार असतो. ग्लोबल ई-स्पोर्ट्सला तशी जागा भरायची वेळ येते, तेव्हा व्यवस्थापनाची नजर भारताबाहेर वळते. याचा दोष मी त्यांना देत नाही. लीगमध्ये टिकायचे तर उद्याच्या सामन्याला तयार असलेला खेळाडू लागतो, आणि तसा इथे घडतच नाही. दुय्यम पातळीवरून वर जाण्यासाठी असेन्शन नावाची स्पर्धा आहे. तीतून २०२३ मध्ये सिंगापूरचा ब्लीड आणि २०२४ मध्ये कोरियाचा सिन प्रिसा पुढे गेला. तिथेही भारतीय संघ कमीच पडले.

मधल्या पातळीचा दुसरा उपयोग शिस्तीचा आहे आणि त्याकडे फारसे कुणी पाहत नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये शांघायला काउंटर-स्ट्राइकची एक्सट्रीम्सलँड ही आशियाई स्पर्धा चालू होती. व्हिएतनामच्या संघाविरुद्धच्या सामन्यात ऑप्टिक इंडियाच्या एका खेळाडूच्या संगणकात निशाणा आपोआप साधून देणारी फाइल सापडली, आणि ती साध्या वर्ड प्रोग्रॅमच्या नावाखाली लपवलेली होती. संघ बाद झाला, अमेरिकी मालकाने तो तिथल्या तिथे बरखास्त केला आणि ई-स्पोर्ट्स इंटेग्रिटी कमिशनने त्या खेळाडूवर पाच वर्षांची बंदी घातली. उरलेल्या चौघांचा काही दोष नसताना त्यांचीही कारकीर्द त्या एका दुपारी विस्कटली. त्याआधी भारतातल्या एका स्पर्धेच्या अंतिम फेरीतही त्याच खेळाडूने हेच केले होते, असे नंतर उघड झाले. म्हणजे देशातल्या सर्वोच्च फेरीपर्यंत त्याला कुणी अडवले नाही. ज्या मुलाने जिल्हा, विभाग, राज्य अशा पाच-दहा स्पर्धा पंचांनी तपासलेल्या संगणकावर खेळलेल्या असतात, त्याची लबाडी खालीच पकडली जाते, किंवा ती करायचे धाडसच होत नाही. आपल्याकडे खालच्या सगळ्या फेऱ्या घरून, ऑनलाइन आणि विश्वासावर चालत असतील, तर पहिली खरी झडती परदेशात होणार आणि मान खाली घालायची वेळ सगळ्या देशावर येणार.

इथे हमखास येणारा आक्षेप यंत्रसामग्रीचा आणि इंटरनेटचा आहे. भारतीय मुलांकडे चांगले संगणक नाहीत, पिंग म्हणजे सर्व्हरशी संदेश जाऊन-येऊन लागणारा वेळ जास्त येतो, म्हणून ती मागे आहेत, असे म्हटले जाते. काही वर्षांपूर्वी यात बरेच तथ्य होते. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर वेगाने धावतो. मुंबई ते सिंगापूर अंतर सरळ रेषेत सुमारे ३,९०० किलोमीटर आहे, म्हणजे तिथल्या सर्व्हरशी जाऊन-येऊन संदेशाला किमान ३९ मिलिसेकंद लागणारच आणि प्रत्यक्षात त्याहून बरेच जास्त लागतात. व्हॅलोरंटचा सर्व्हर सेकंदाला १२८ वेळा जगाचे चित्र ताजे करतो, दर आठ मिलिसेकंदांना एकदा. भिंतीआडून डोकावणाऱ्याला आणि त्याची वाट पाहणाऱ्याला एकमेक कधी दिसतात, हे या फरकावर ठरते. पण २०२० च्या अखेरीस व्हॅलोरंटचे सर्व्हर मुंबईत आले. समृद्धी महामार्गाची लांबी ७०१ किलोमीटर आहे. तेवढे अंतर धरले तर नागपूर-मुंबई फेरीला प्रकाशाला सात मिलिसेकंद लागतात. मधली उपकरणे आणि वळसे धरून आकडा वाढतो, तरी तो सिंगापूरशी तुलना करण्याजोगा राहत नाही. शिवाय व्हॅलोरंट मुद्दामच जुन्या, स्वस्त संगणकांवर चालेल असा बनवला आहे आणि बीजीएमआय तर फोनवरच चालतो. हा आक्षेप आता पूर्वीइतका टिकत नाही. आणि तो टिकतो असे धरले तरी त्याचे उत्तर स्थानिक स्पर्धेतच आहे. जगातल्या बहुतेक मोठ्या अंतिम फेऱ्या लॅनवर, म्हणजे एकाच सभागृहात तारेने जोडलेल्या संगणकांवर होतात. तिथे मुंबईचे अंतर शून्य आणि सोलचे अंतरही शून्य. मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलात किंवा एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सभागृहात लॅन स्पर्धा झाली, तर काटोलच्या मुलाला आणि धरमपेठेतल्या मुलाला तंतोतंत सारखे यंत्र मिळते. घरून खेळताना ते कधीच मिळत नाही. समोर प्रेक्षक बसलेले असताना हात थरथरू न देणे हेही कौशल्य आहे, आणि ते ऑनलाइन स्पर्धेत शिकता येत नाही.

नागपूरला असा रस्ता बांधणे नवे नाही, हे क्रिकेटकडे पाहिले की पटते. विदर्भाचा संघ अनेक दशके रणजीत दुबळा समजला जाई. विदर्भ क्रिकेट संघटनेने निवासी अकादमी उभी केली, वयोगटांच्या स्पर्धा नियमित केल्या, बाहेरून प्रशिक्षक आणले. मग फैज फजलच्या नेतृत्वाखाली आणि चंद्रकांत पंडितांच्या मार्गदर्शनाखाली २०१७-१८ चा करंडक आला, पाठोपाठ २०१८-१९ चा आणि पुन्हा २०२४-२५ चा. नागपूरची बुद्धिबळपटू दिव्या देशमुख जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बातुमीत महिला विश्वचषक जिंकली, त्याआधी ती सात-आठ वर्षांची असल्यापासून दरवर्षी तिच्या वयाच्या गटात राज्य, राष्ट्रीय, आशियाई आणि जागतिक स्पर्धा तिची वाट पाहत होत्या. बुद्धिबळात हे जाळे आहे म्हणून नागपूरची मुलगी त्या जाळ्यातून वर जाऊ शकली. तिरंदाज ओजस देवतळेचे उदाहरण दुसऱ्या बाजूने शिकवते. बर्लिनला २०२३ च्या जागतिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्याने १५० पैकी १५० गुण मिळवले आणि त्याच वर्षी हांगझोच्या आशियाई स्पर्धांत तीन सुवर्णपदके आणली. पण घडण्यासाठी त्याला नागपूर सोडून साताऱ्याला प्रवीण सावंतांच्या अकादमीत जावे लागले. नागपूरच्या मुलांचा नेम अचूक असतो हे सिद्ध झालेलेच आहे. प्रश्न त्याला इथे धार लावण्याची सोय आहे का, एवढाच आहे.

सोय नाही असे म्हणताना, काहीच नव्हते असे मात्र म्हणता येणार नाही. गेल्या काही वर्षांत खालची पातळी आपोआप उगवली होती, आणि ती कशी उगवली हे समजून घेतल्याशिवाय पुढचा विचार अर्धवट राहील. बीजीएमआयच्या कस्टम रूम आणि पेड स्क्रिम हा तो प्रकार. कुणीतरी तरुण आयोजक खोली उघडतो, संघांकडून फी घेतो, त्या रकमेतून वरच्या तीन संघांना बक्षीस देतो आणि उरलेले स्वतःकडे ठेवतो. छोट्या शहरांतल्या असंख्य संघांचा स्पर्धेशी पहिला परिचय असाच झाला. पण तिथे पंच नसतो, करार नसतो, बक्षीस न देता गायब झालेल्या आयोजकाविरुद्ध दाद मागायची जागा नसते. २२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन व नियमन कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर सरसकट बंदी घातली आणि त्याच वेळी ई-स्पोर्ट्सला वैध स्पर्धात्मक खेळ म्हणून मान्यता दिली. त्यात एक महत्त्वाची रेघ आहे. ई-स्पोर्ट्समध्ये प्रवेश फी घेता येईल, पण ती स्पर्धेत भाग घेण्यासाठी किंवा आयोजनाचा खर्च भागवण्यासाठी. बक्षीस कौशल्यावर मिळावे आणि पैज कुठेही नसावी. खेळाडूंच्याच फीची मोट बांधून तीच बक्षीस म्हणून वाटणारी पेड स्क्रिम या रेघेच्या कोणत्या बाजूला पडते, हे सांगायला वकील लागत नाही. मी या तरतुदीच्या बाजूने आहे, कारण अठरा वर्षांच्या मुलाने दर रात्री शंभर-दोनशे रुपये लावून खेळावे आणि त्याला सराव म्हणावे, हे जुगाराच्या फार जवळ जाते. पण कायद्याने जी खालची पातळी संशयाखाली आणली, तिच्या जागी दुसरी कुणी उभी केलेली नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ३,२६८ कोटींचे एव्हीजीसी-एक्सआर धोरण मंजूर केले. त्याचा भर ॲनिमेशन, दृश्य परिणाम आणि गेम बनवणाऱ्या उद्योगावर आहे, आणि तो असायलाही हवा. गेम खेळणाऱ्याची शिडी त्यातून आपोआप तयार होणार नाही.

पालकांचे आक्षेप याहून जड आहेत आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. मार्च २०१९ मध्ये हिंगोलीत रुळांजवळ पबजी खेळण्यात गुंग झालेले दोन तरुण रेल्वेखाली गेले. मराठवाडा-विदर्भातल्या घराघरांत ती बातमी आजही आठवली जाते. त्याच महिन्यात राजकोटमध्ये पोलिसांनी पबजी खेळणाऱ्या तरुणांना अटक केली. हिंसेबद्दल बोलायचे तर ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१९ मध्ये सुमारे हजार ब्रिटिश किशोरांचा अभ्यास केला आणि हिंसक खेळांवर घालवलेला वेळ व आक्रमक वर्तन यांत त्यांना संबंध आढळला नाही. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०२० च्या ठरावात आक्रमकतेशी किंचित संबंध मान्य केला, पण प्रत्यक्ष हिंसाचाराचे खापर या खेळांवर फोडायला पुरेसा आधार नाही असे बजावले. व्यसनाची गोष्ट वेगळी आहे आणि ती खरी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत गेमिंग डिसऑर्डर जानेवारी २०२२ पासून लागू झाला आहे. खेळण्यावरचा ताबा सुटणे, इतर सगळ्यावर खेळाने कुरघोडी करणे आणि नुकसान दिसूनही न थांबणे, हे त्याचे निकष आहेत. मे २०२३ मध्ये बीजीएमआय परतला तेव्हा अल्पवयीनांना दिवसाला तीन तास आणि इतरांना सहा तास अशी मर्यादा त्यावर होती. माझ्या मते संघटित स्पर्धा हा व्यसनाविरुद्धचा उलट सर्वांत व्यवहार्य उपाय आहे. सामना संध्याकाळी सहाला आणि सराव आठवड्यात चार दिवस असे ठरले की खेळाला शेवट येतो. रात्रभर अनोळखी लोकांशी खेळत राहण्याला शेवट नसतो. हजेरी, वार्षिक परीक्षेतले गुण आणि झोपेचे तास संघात राहण्याच्या अटी म्हणून घालता येतात. पण त्या घालायला आधी कुणाचा तरी संघ हवा, आणि त्या संघावर महाविद्यालयाची सही हवी.

सर्वांत अवघड आक्षेप मालकीचा आहे आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. क्रिकेट किंवा कबड्डी कुणाच्या मालकीची नाही. व्हॅलोरंट रायटचा आहे, बीजीएमआय क्राफ्टनचा. कंपनीने उद्या परवाना नाकारला किंवा सरकारने ॲप बंद केले, तर सगळी शिडी कोसळते, आणि २०२० मध्ये ती कोसळलीही. हांगझोच्या आशियाई स्पर्धांत ई-स्पोर्ट्स पदकासाठी होते आणि पबजी मोबाइलही त्यात होता, पण भारताचा संघ लीग ऑफ लेजंड्स, डोटा २, फिफा आणि स्ट्रीट फायटर या चारच खेळांत उतरला. ज्या खेळाच्या वर्ल्ड लीगमध्ये आपण पूर्व विभागात दुसरे आलो होतो, त्यात आपण नव्हतो. ऑलिंपिक समितीने २०२४ मध्ये सौदी अरेबियासोबत जाहीर केलेली ई-स्पोर्ट्स ऑलिंपिक्सची भागीदारीही ऑक्टोबर २०२५ मध्ये संपुष्टात आली. तेव्हा नागपूरने एखाद्या एकाच खेळावर सगळी उमेद बांधू नये. महाविद्यालयीन लीग एका संगणकी आणि एका मोबाइल शूटर खेळाची असावी, आणि तिचे पंच, नियमावली, वेळापत्रक, सभागृह असे सगळे खेळ बदलला तरी कामाला येईल असे बांधावे. खेळ जातो, पण स्पर्धा चालवायला शिकलेली माणसे शहरात राहतात. कोरियात हेच झाले. स्टारक्राफ्टवर शिकलेल्या आयोजकांनी पुढे लीग ऑफ लेजंड्स चालवला.

अशा लीगला लागणारी सामग्री शहरात आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांची घडी जुनी आहे, व्हीएनआयटी आणि ट्रिपल आयटीमध्ये जाळे बांधणारे आणि संगणक तपासणारे विद्यार्थी आहेत, आणि दरवर्षी हजारो खेळाडू मैदानात आणणारा खासदार क्रीडा महोत्सवही आहे. अमेरिकेत रॉबर्ट मॉरिस या शिकागोच्या विद्यापीठाने २०१४ मध्ये ई-स्पोर्ट्ससाठी शिष्यवृत्ती दिली. दोनच वर्षांत महाविद्यालयांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. आपल्याकडे जागेचीही अडचण नाही; महाविद्यालयांच्या संगणक प्रयोगशाळा दुपारी चारनंतर बहुधा कुलूपबंद असतात. मुलींचा वेगळा गट पहिल्या वर्षापासून हवा. रायटने २०२१ मध्ये गेम चेंजर्स ही महिलांची मालिका सुरू केली ती याच अनुभवातून की खुल्या ऑनलाइन खोल्यांत आवाज ऐकताच मुलींना शिवीगाळ होते आणि त्या खेळ सोडून जातात. आइची-नागोयाच्या २०२६ च्या आशियाई स्पर्धांच्या ई-स्पोर्ट्स कार्यक्रमात पबजी मोबाइल आहे. तिथे जाणाऱ्या संघापर्यंत नागपूरच्या लीगचा हात पोहोचणार नाही, त्यासाठी फार उशीर झाला आहे. त्यानंतरच्या आशियाई स्पर्धा २०३० मध्ये दोह्यात आहेत. त्या संघात जे खेळतील ते आज तेरा-चौदा वर्षांचे आहेत, आणि पहिला पंचांसमोरचा सामना त्यांना येत्या दोन वर्षांत मिळायला हवा.